वहिनींचा गुलाब

फुलांच्या स्पर्धेची नावनोंदणी चालली होती. रांगेत माझ्यापुढे नवरा-बायको होते. नवऱ्याच्या कडेवर टॉवेलने झाकलेली कुंडी होती.

“शेजारच्या वहिनी काही आज येत नाहीत.”

“का? त्यांचा गुलाब तर मस्त फुललाय.”

“फुलला होता. काल दुपारी त्या झोपल्या, तेव्हा मी त्याला उकळतं पाणी पाजलं.”

“अहो! मला न विचारता?”

“त्यात विचारायचं काय? गेल्या वर्षी तूच शिकवलंस.”

“गेल्या वर्षी तुमचे हात लटपटत होते. ‘नको गं, पाप लागेल,’ म्हणत होतात. किटली मला धरावी लागली.”

“कप तर मिळाला ना?”

“मिळाला. तेव्हापासून मी हात धुतेय आणि तुम्ही ढाराढूर झोपताय. भाजी कुठली आणू, हेसुद्धा विचारत नाही आता.”

“सवय होते गं हळूहळू.”

“मला नाही झाली. रविवारी मी कुंड्या बदलल्या. आपली त्यांच्या दारात ठेवली. म्हटलं, यंदा कप त्यांना मिळू दे, तेवढंच पाप फिटेल.”

“मला कसं नाही कळलं?”

“तुम्ही कधी पाणी घातलंय त्याला? गार पाणी म्हणतेय मी.”

“म्हणजे काल मी...”

“आपलाच गुलाब उकडलात.”

“आणि ही कडेवरची?”

“वहिनींची.”

“चला, पुढचे! नाव बोला,” खिडकीतले कारकून म्हणाले.

“अगं, कुणाचं नाव सांगू?”

“विचारलंत बाई एकदाचं! वहिनींचं सांगा. आणि टॉवेल काढा, गुदमरतोय तो.”