प्रश्न स्प्रिंगचा आहे!

...आणि वर मलाच म्हणतात, मनगट ढिलं! माझं! म्हणजे ज्या माणसानं गेल्या वीस वर्षांत टीव्हीच्या रिमोटशिवाय कशावर बोट दाबलं नाही, तो माणूस प्लास्टिकच्या खुर्चीत बसून, पोटावर हात ठेवून, मला मनगट शिकवतो... आणि मी ऐकून घ्यायचं, कारण काय, तर ते वडीलधारे! अहो, वडीलधारे आहेत म्हणून काय डोळे मिटून मार खायचा?

थांबा, तुम्हाला सांगतो, नीट सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हे पोरगं उगाच म्हाताऱ्यांवर भुंकतंय. भुंकतंयच. पण उगाच नाही.

मी समाधान. हो, नाव समाधान, हसून घ्या एकदा. मखमलाबादला आमची फुलशेती, झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. पॉलिटेक्निक मी दुसऱ्या वर्षाला सोडलं, म्हणजे त्यानं मला सोडलं की मी त्याला, हा वाद आमच्या घरी अजून मिटलेला नाही. पण एक गोष्ट मला येते. पंचवीस मीटरवरून पिस्तूल मारता येतं. दहा सेकंदांत पाच गोळ्या, आणि पाचही काळ्या गोलात. उगाच बढाई मारत नाही, कागदाला भोकं पडतात, जाऊन बघा.

आता गोष्ट गेल्या वर्षीची, दोन हजार चारची. अथेन्सला नेमबाजीत चांदीचं पदक आलं आणि अख्ख्या नाशकाला एका रात्रीत नेमबाजी कळायला लागली. पानवालासुद्धा मला सांगायचा, श्वास रोखून धर! आमचे वडील तेवढे बधले नाहीत. ते म्हणाले, "हे बघ, डिसेंबरात पुण्याला राज्याची निवड हे ना? झाली निवड, तर अजून एक वर्ष फटाके वाजव, मी तोंड उघडणार नाय. नाय झाली, तर पहाटेपासून फूलबाजारात गाळ्यावर. झेंडू तुझी वाट बघतोय." विषय संपला. म्हणजे माझं अख्खं आयुष्य एका पिस्तुलावर. आणि पिस्तूल कुणाचं? क्लबाचं! आणि क्लब कुणाचा? म्हाताऱ्यांचा!

अध्यक्ष आमचे रावजीशेठ. पिंपळगावकडचे द्राक्षवाले, तहहयात अध्यक्ष. पात्रता काय, तर तरुणपणी एक रानडुक्कर मारलं. डुक्कर गोळीनं मेलं की शेठना बंदूक धरताना बघून हसून मेलं, यावर आमच्याकडे दोन तट आहेत. पिस्तुलाची पेटी लोखंडी, कुलूप पितळी, आणि किल्ली शेठच्या करगोट्याला! सराव करायचा असला की आधी शेठनी शर्ट वर करायचा... नको ते दृश्य, सोडा. दुसरे हिरामणकाका, सुभेदार हिरामणकाका, देवळालीला तोफखान्यातून निवृत्त. तोफखान्यातून! मी एकदा म्हटलं, काका, तोफ वेगळी, पिस्तूल वेगळं. तर म्हणतात, "बच्चू, तोफ हो या पिस्तूल, झटका वो झटका!" आता बोला!

तर दसऱ्यापर्यंत पिस्तूल लोण्यासारखं चालत होतं. दसऱ्याला आमच्या क्लबात शस्त्रपूजन, ते दणक्यात असतं. पाटावर पिस्तूल, शेजारी काढून ठेवलेलं गोळ्यांचं मॅगझीन, रायफल, झेंडूचे हार – आमच्याच गाळ्यावरचे, फुकट, वेगळं सांगायला नको – आणि शेठचं भाषण. महाराणा प्रताप झाले, झाशी झाली, मग रानडुक्कर आलं, मग हळद, कुंकू, तूप घालून माखलेल्या अक्षता, मूठमूठभर, अशा उधळल्या हो, अशा उधळल्या, की मला वाटलं आता पिस्तुलाची वरात निघणार! दिशा म्हणून एक मुलगी आहे आमच्याकडे, इंदिरानगरची, हवेवरचं पिस्तूल मारते, स्वतःचं. शेठ तिला म्हणाले, "तुझं पण ठेव गं पाटावर." ती म्हणाली, "माझी पूजा घरी झाली काका," आणि बॅगेची चेन लावली. मला तेव्हा तिचा राग आला होता. आगाऊ वाटली.

आणि दसऱ्यानंतर... ठॉप. ठॉप. खट्ट!

तिसरी गोळी अडकली. परत भरलं. ठॉप, ठॉप, खट्ट! मागून शेठ ओरडले, खुर्चीतून, न उठता, हातातला चहा न सांडता, "प्रश्न स्प्रिंगचा हाय!"

आता ही स्प्रिंग काय, ते सांगतो. गोळी सुटली की पिस्तुलाची वरची सरकती बाजू, स्लाइड म्हणतात तिला, झटक्यानं मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंग तिला परत पुढं ढकलते. पुढं जाता जाता ती नवी गोळी आत घेऊन जाते. एवढंच. स्प्रिंग फार कडक असली तर स्लाइड धड मागे जात नाही, फार नरम असली तर मागे आपटते आणि पुढं यायला सरकारी कारभार. मग मुंबईच्या डीलरकडून शेठनी पाकीट मागवलं. त्यात तीन स्प्रिंगा. नरम, मध्यम, कडक. मिसळ मागवताना विचारतात तसं!

आणि निवडायची कशी? कार्यकारिणीची बैठक! स्प्रिंगसाठी! सतरंजी, चिवडा, सूचक, अनुमोदक! शेठनी प्रत्येक स्प्रिंग अंगठ्यात आणि बोटात धरून दाबली, डोळे मिटून, द्राक्षाचा मणी दाबतात तशी, आणि म्हणाले, "मध्यम. कसं हाय, टोकाला जाऊ नाय माणसानं." सुभेदारकाकांनी ती कानाशी नेली. कानाशी! टिचकी मारली, आवाज ऐकला आणि म्हणाले, "कडक. सिपाही कडक, तो हत्यार कडक." मी म्हटलं, नरम घ्या, आपण ज्या गोळ्या वापरतो त्यांना जोरच कमी आहे, त्या कडक स्प्रिंगला मागे रेटणार कशा? बरोबर बोलत होतो मी, कुठल्याही पुस्तकात बघा! तर शेठ म्हणाले, "समाधान, तू विद्यार्थी सभासद हाय ना? मग तुला मत नाय."

पिस्तूल कोण मारणार? मी. पुण्याला कोण जाणार? मी. झेंडू कुणाची वाट बघतोय? माझी! आणि मत कुणाला? ज्यांना चष्म्याशिवाय समोरचं टार्गेट सोडा, स्वतःचा चहा दिसत नाही त्यांना!

बरं, मतदानात कडक जिंकली, कडक लावली. ठॉप, ठॉप, खट्ट. "प्रश्न स्प्रिंगचा है बच्चू, अभी नई है, बैठ जाएगी." नाही बसली. मग हातापाया पडून नरम लावून घेतली, माझी नरम, मी तर घरी पेढे सांगून आलो होतो... ठॉप, ठॉप, खट्ट! सुभेदारकाका इतके खूश झाले, इतके, की पाकिस्तान शरण आल्यावर तरी एवढे झाले असतील का कोण जाणे! "देखा? देखा? नरम!" आणि शेठ, "मनगट ढिलं हाय त्याचं. मनगट ढिलं आन् स्प्रिंग नरम, मग काय व्हनार?"

तेव्हा दिशा बोलली. कोपऱ्यातून, हळूच. "काका, दोन्ही स्प्रिंगांना तिसऱ्याच गोळीला अडकतंय. मग स्प्रिंग नसेल ना?"

चिवडा चावायचा थांबला.

"आणि मॅगझीन हलवलं की आत काहीतरी खुळखुळतंय," ती म्हणाली. "खोलून बघू का?"

खोलून बघू का! अहो, क्लबाचा नियम आहे, अध्यक्षांच्या परवानगीशिवाय हत्याराचा स्क्रूसुद्धा हलवायचा नाही, आणि ही कालची पोर म्हणते खोलू का! शेठ हसले, मायेनं हसले, त्या मायेचीच मला जास्त चीड येते, "बाई, स्प्रिंग हलती म्हनून खुळखुळतं. प्रश्न स्प्रिंगचा हाय." सुभेदारकाका म्हणाले, "बेटा, तू चाय का देख." चहाचं बघ! राज्यात क्रमांक काढलेल्या पोरीला! आणि मी... मी पण म्हटलं, थांब गं दिशा, आधी नरम स्प्रिंगचं नीट बघू दे. म्हणजे बघा, या म्हाताऱ्यांच्यात बसून बसून माणसाचं काय होतं ते!

मग मध्यम लावली. आणि त्या दिवशी, काय झालं देवाला ठाऊक, ठॉप ठॉप ठॉप ठॉप ठॉप! पाच! सलग पाच! शेठ खुर्चीतून उठले. तुम्हाला सांगतो, शेठ उठले हीच बातमी होती. "बघितलं? अंगठा सांगत होता माझा!" लगेच ठराव, लगेच अभिनंदन, लगेच पिस्तूल पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली करगोट्याला. मी म्हटलं, शेठ, अजून एकदा मारून बघू. "नाय. आता चालू हाय ते हलवू नाय." चालू आहे ते हलवायचं नाही! ह्याच एका तत्त्वावर तर शेठ तहहयात अध्यक्ष आहेत!

पुण्याला आम्ही शेठच्या सुमोतून. पिस्तूल क्लबाच्या लायसनवर, म्हणून शेठ पाहिजेत, आणि शेठ आहेत म्हणून सुभेदारकाका पाहिजेत, आणि दोघं आहेत म्हणून नारायणगावला वडापाव, मंचरला चहा, आणि सगळा रस्ताभर मध्यम मार्गावर प्रवचन. दिशा खिडकीशी बसून, डोळे मिटून, आपली मोजून श्वास घेत होती. मी सुभेदारकाकांची गुडघेदुखी मांडीवर घेऊन बसलो होतो.

आणि उभा राहिलो मी नेमबाजांच्या लायनीवर. हात उचलला. तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवसाइतका माझा हात कधी स्थिर नव्हता. सगळं अंग म्हणत होतं, झेंडू नाही, झेंडू नाही, झेंडू नाही...

ठॉप. ठॉप. खट्ट.

हात वर केला. पंच आले, बघितलं, लिहिलं. नियम असा, की एकदा पिस्तूल अडकलं तर परत मारू देतात. दुसऱ्यांदा अडकलं, की जेवढ्या गोळ्या सुटल्या नाहीत तेवढी शून्यं. परत भरलं. देवाचं नाव घेतलं. मागून, प्रेक्षकांतून, त्या कडक शांततेत, जिथं लोक खोकलासुद्धा गिळतात, तिथं आवाज आला, "साहेब, प्रश्न स्प्रिंगचा हाय!"

ठॉप. ठॉप. खट्ट.

तीन शून्यं. संपलं. तीन शून्यांनंतर निवड नसते हो, तीन शून्यांनंतर फक्त फूलबाजार असतो.

आणि तेव्हा माझं डोकं सटकलं. मी मॅगझीन काढलं, उलटं केलं, आणि टेबलावर हाणलं. असं हाणलं! आणि त्यातून... तांदूळ. लाल तांदूळ. तुपात माखलेले, कुंकवातले, वाळून चिकटलेले दाणे. चार टेबलावर, दोन पंचांच्या बुटावर. गोळ्या वर ढकलणारी जी पट्टी असते ना आत, तिच्या फटीत दाणे अडकायचे. दोन गोळ्या वर यायच्या, तिसरीला पट्टी अडायची. त्या एका दिवशी दाणे सरकले असतील, म्हणून पाच सुटल्या. दोन महिने! दोन महिने ह्या लोकांनी स्प्रिंगा दाबल्या, ऐकल्या, मतदान केलं, आणि मॅगझीनमध्ये दसऱ्याची पूजा चालू होती!

पंच वाकले, दाणा चिमटीत धरला, म्हणाले, "हे काय आहे?"

मी म्हटलं, "अक्षता."

म्हणाले, "लग्न कुणाचं?"

अख्खी लाइन हसली. मी हसलो नाही. दिशा पण नाही हसली. तिची दुपारी स्पर्धा होती, मारली, निवड झाली. तिनं एकदा फक्त माझ्याकडे बघितलं... त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

परत येताना सुमोत मी तोंड सोडलं. सगळं बोललो. करगोट्यापासून रानडुकरापर्यंत! वडीलधारे म्हणून काही ठेवलं नाही. सुभेदारकाका झोपल्याचं सोंग करून ऐकत होते. शेठनी मात्र सगळं ऐकून घेतलं, शांतपणे, मान हलवत, मला वाटलं आता तरी हा माणूस म्हणेल, चुकलं पोरा. सिन्नर आलं तेव्हा शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, समाधानानं, माझ्या नव्हे, त्यांच्या,

"म्हंजी बघ, स्प्रिंग आपण बरोबरच निवडली व्हती!"

काय करता? सांगा ना, काय करता? सुमोतून उडी मारता? माझी उतरायची जागा नव्हती आली.

असो. आता पहाटे मी गाळ्यावर असतो. परवा दसरा झाला, यंदाचा. गर्दी ही एवढी, झेंडू पिवळा, झेंडू भगवा, आणि गर्दीतून शेठ. सफारी घालून, प्रसन्न. "समाधान, पिस्तुलाचा हार दे, चांगला जाड." मी दिला. जीभ चावत दिला. एवढंच म्हटलं, शेठ, यंदा मॅगझीन पाटावर ठेवू नका, पाया पडतो. "नाय रे, शिकलो आपण. मॅगझीन पेटीत. यंदा रायफलीची पूजा मोठी करनार हाय, ती जरा अडकायला लागलीया पावसापासून."

मी म्हटलं, "काय झालंय?"

शेठ जवळ आले, इकडंतिकडं बघितलं, आणि म्हणाले, "प्रश्न स्प्रिंगचा हाय."

आता ती रायफल जुनी, तिचा बोल्ट दर गोळीला हातानं मागे ओढायचा आणि हातानं पुढं ढकलायचा. स्लाइड ढकलणारी ती स्प्रिंग त्या रायफलीत नसतेच!

मी तोंड उघडलं. मागे गिऱ्हाईक ओरडत होतं. मी तोंड मिटलं, सुतळी तोडली, आणि विचारलं, "हार एक देऊ, का दोन?"