मधलं अंतर

केंद्राच्या कामगार ऑफिसात भरपाईच्या खिडकीच्या रांगेत माझ्यापुढे दोन जावा उभ्या होत्या. धाकटीच्या हातात रंगाचे शिंतोडे उडालेलं हेल्मेट होतं.

“ताई, इथेही परत तेच म्हणाले तर?”

“कसे म्हणतील? काल राज्याच्या ऑफिसातूनच इकडे पाठवलंय ना? भावजी रेल्वेचा पूल रंगवताना पडले, म्हणजे केंद्राचा कायदा.”

“परवा इथलाच साहेब म्हणाला, पुलावर असेपर्यंत माणूस धडधाकट होता. गेला तो खालच्या रस्त्यावर, आणि रस्ता राज्याचा.”

“आणि वर तोच शिकवत होता, केंद्राचा कायदा म्हणजे साऱ्या देशाला लागू!”

“साऱ्या देशाला, पण पुलाच्या कठड्यापर्यंतच.”

“कमरेला बांधायचा पट्टा दिला नव्हता, एवढं तरी लिहून घ्या म्हणावं.”

“म्हटलं ना. तर मलाच विचारतात, कोणत्या कायद्याने द्यायला हवा होता?”

“मेल्यांची जीभ कशी झडत नाही!”

“ताई, हळू. ओरडलं की खिडकी लावून घेतात.”

“बरं बाई, गप्प बसते.”

“ताई…”

“काय गं?”

“वरचा पूल यांचा, खालचा रस्ता त्यांचा. मधे किती वेळ लागला असेल हो ह्यांना?”