गुहेतून आलेला फोन

नर्सबाई ड्यूटीला जायला बसथांब्यावर बसल्या होत्या. शेजारी एक बाई जाडजूड हस्तलिखित पोटाशी धरून बसल्या होत्या आणि त्यांचा दीर समोर उभा राहून त्यांची मनधरणी करत होता.

"वहिनी, एकट्या त्या गुहेकडे जाऊ नका."

"ह्यांनी बोलावलंय, भाऊजी. कादंबरी घेऊन ये म्हणाले."

"लिहायचं म्हणून दादा मागे ज्वालामुखीत डोकावला, आता गुहेत उतरला. आहे तरी काय ह्या कादंबरीत?"

"गुहेत काहीतरी राहतं. आत आलेल्या माणसाला ते ठेवून घेतं आणि त्याच्या आवाजात घरच्यांना बोलावतं. एकेक करून सगळे जातात."

"आणि हे वाचूनही तुम्ही निघालात?"

"अहो, कादंबरी आहे ती! चार दिवसांनी ह्यांचा आवाज ऐकला, आणि मी घरी बसून राहू?"

"फोन कधी आला?"

"दुपारी. नंबर ह्यांचाच, आवाज ह्यांचाच. मला 'ढब्बू' दुसरं कोण म्हणणार?"

दिराने खिशातून चिखलाने माखलेला, बंद पडलेला मोबाइल काढला.

"शोधपथकाला सकाळी हा गुहेत सापडला. दादा नाही सापडला. तुम्हाला कसं सांगावं, तेच कळत नव्हतं."

"मग माझ्याशी बोललं कोण?"

तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन वाजू लागला. त्यांनी पर्सला हातसुद्धा लावला नाही.

बस आली, दार उघडलं. ती गुहेवरूनच पुढे जाणार होती. नर्सबाईंना ड्यूटीला उशीर होत होता, तरी त्या जागच्या हलल्या नाहीत.