कुदळ्यासाठी मारलेलं भोक

...नाही, हसा, खुशाल हसा, पण आईची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे! एक अक्षर पदरचं नाही. कुत्रं काळंभोर... म्हणजे तांबडं होतं, पण आमच्या पहूरच्या मातीत उकरायला बसलं की काळंच दिसायचं, म्हणून काळं म्हटलं, यात खोटं काय आहे? अन् चार महिन्यांच्या त्या पिल्लानं एका दुपारीत पंधरा हात बोगदा खणला... बरं, पाच हात धरा. तुम्ही घासाघीस फार करता बुवा!

मी म्हणतो, माणसानं कुत्रं पाळायचं कशाला? राखणीला. मग कुत्र्याची राखण माणसानं का करायची? बायको सुरतेला, पोराकडे. सुनेच्या बाळंतपणाला सव्वा महिन्याच्या बोलीवर गेली, आता नातू पायात चपला घालून हिंडतो, तरी हिचा सव्वा महिना काही भरत नाही! मी जिनिंगमध्ये फिटर. कापूस संपला की जिनिंग बंद, म्हणजे मीही बंद. घरात मी, रेडिओ अन् हे कुत्रं. त्यातला रेडिओ तेवढा जागेवर राहायचा. मी नाव ठेवलं होतं राजा, गल्लीनं दोन दिवसांत कुदळ्या केलं.

पहिल्यांदा पळालं तेव्हा शेजारचा चुडामण टॉवेल गुंडाळून बोंबलत आला, "नाना! ओ नाना! तुमचं कुत्रं माह्या न्हाणीत निंघालं भो! डोक्याले साबण लावेल व्हता, म्हटलं बायको पाठ चोळून राह्यली, म्हणून गप बसलो!" आता यात कुत्र्याचा काय दोष? अन् न्हाणीत म्हणजे अगदी न्हाणीत नाही हो, मोरीपाशी. पण मोरी न्हाणीचीच ना?

तिथून जे सुटलं ते थेट गल्लीच्या टोकाला, भागाबाईच्या ओट्यावर. भागाबाईच्या घरात अकरा माणसं, अन् अकराही जण एकदम बोलतात. तिथं हे महाराज मधोमध पसरलेले, पोट वर! मी दारात उभा. भागाबाई भाकरी थापता थापता म्हणते, "काय काम काढलं, नाना?"

म्हटलं, "काम कसलं, कुत्रं न्यायला आलो."

"मंग बसा ना. भरीत केलं आज."

तुम्हाला सांगतो, मी कोणाच्या दारात कामाशिवाय जात नाही. पण कुत्रं उठेना, तोवर काय उभं राहायचं? बसलो. ताटात भरीत, कळण्याची भाकरी, अन् अकरा माणसांचा कलकलाट... घरी आलो तर रेडिओ लावावासा वाटेना.

दुसऱ्या दिवशी कुंपणाखाली दगड पुरले. त्यानं दगडाच्या शेजारून उकरलं. बाभळीच्या काट्या टाकल्या, तर काट्या माझ्याच पायात! मिरचीची पूड टाकली, तर ते एकदा शिंकलं अन् मी दिवसभर! शेवटी गुरांच्या दवाखान्यात नेलं. तिथला कंपाउंडर, कौतिक त्याचं नाव, चष्म्यावरून बघत म्हणतो, "नाना, पिल्लू उकरतं म्हणजे त्याला घरात करमत नाही. घरात कोण कोण आहे?"

"मी आहे ना!"

"अजून?"

"अजून कोण पाहिजे? मी काय कमी आहे?"

"मग बरोबर," म्हणाला, अन् लिहायला लागला. काय लिहिलं असेल हो त्यानं?

म्हणाला, जाळी हातभर खोल पुरा, खालचं टोक आतल्या अंगाला वळवा. एका कोपऱ्यात वाळू टाका, वाळूत भाकरीचे तुकडे पुरा, तिथंच उकरू द्या. जाळी पुरली, तुकडेही पुरले! गल्लीतल्या कोंबड्या जेवून गेल्या. अन् कुदळ्या? संध्याकाळी भागाबाईकडे! मी मागोमाग. "काय काम काढलं, नाना?" "काम कसलं, हे कुत्रं!" "बसा."

आमच्याकडे ही रीतच आहे, दारात माणूस दिसला की पहिला प्रश्न, काय काम काढलं? विचारणाऱ्याच्या मनात काही नसतं. पण ज्याला काम नाही त्यानं काय सांगावं? करमत नव्हतं म्हणून आलो? पन्नाशीच्या माणसानं? एवढ्या मिशा ठेवून? एकदा काडेपेटी मागायला गेलो, तर भागाबाईनं माझ्या खिशाकडे बघितलं... खिशात काडेपेटी वाजत होती! तेव्हापासून ठरवलं, कुत्र्याचं कामच बरं. तर वर्ष झालं, आठवड्यातून चार संध्याकाळी कुदळ्या पळतो अन् मी त्याला शोधायला जातो. भोक आहे अजून, या बघायला!

आता असे का बघता?

बरं बाबा, शपथ घेतलीय म्हणून सांगतो. न्हाणी खरी, साबण खरा, कोंबड्या तर शंभर टक्के खऱ्या. पदरचं एवढंच, की कुत्रं अजून उकरतं. कुठलं उकरतं! त्या जाळीनं अन् वाळूनं ते पोळ्याच्या आतच शहाणं झालं. आता दिवसभर माझ्या पायाला चिकटून असतं, हाकललं तरी जात नाही. जाळी मीच कापली. भोक मी मारतो, पहारीनं, चुडामण शेतात गेला की. अन् गाढव त्यातून जाईना हो! ढकललं तर पलीकडे बसून माझी वाट बघतं.

परवा तसाच निघालो. भागाबाईच्या दारात उभं राहून घाईघाईत म्हटलं, "कुत्रं पळालं आमचं, इकडे आलं का?" अन् खाली बघतो तर कुदळ्या माझ्या दोन पायांमध्ये उभा, शेपूट हलवत!

अकराही माणसं गप्प. त्या घरात पहिल्यांदा.

भागाबाईनं कुत्र्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पदरानं तोंड पुसलं अन् म्हणाली, "आत्ता अठीच व्हतं, नाना. गेलं असेल कुठी. बसा, येईलच."

बसलो. कुत्रं माझ्या पायावर हनुवटी टेकून घोरतंय, अन् मी आपला ताट पुढ्यात घेऊन रस्त्याकडे बघतोय... ते कधी येतं म्हणून!