मेंढरांची ओळख

सोलापुरात डोळ्यांच्या दवाखान्यात सिद्धाराम आडत्या थेंब घालून बसला होता. शेजारी बसलेल्या ज्ञानबा धनगराला लेकीनं तपासणीला बळंच आणलं होतं.

“मालक, साखर डोळ्यात उतरती ती गादीवर बसणाऱ्यांच्या. आमी रानात चालणारी माणसं!”

“आमा लिंगायतांनाबी वाटायचं, मटण न खाणाऱ्याला कसली भीती? माझा उजवा डोळा गेला की. तुमाला साखर किती वर्षं?”

“धा. पण नजर घारीची हाय! दोनशे मेंढरं कोसावरनं तोंड बघून वळकायचो.”

“वळकायचो? आणि आता?”

“आता आवाजावरनं वळकतो.”

“कवापासनं?”

“दिवाळीपासनं.”

ज्ञानबाची तंबाखू मळणारी बोटं थांबली.

“मालक, ते थेंब लई झोंबत्यात का?”