नावावर घर नाही

पात्र ठरणं सोपं नसतं रे. जळगावला मास्तर असताना मी घरासाठी सरकारी कर्ज मागितलं होतं. व्याज कमी, वर करात सूट. अट एकच, नावावर दुसरं घर नको. चौकशीला साहेब घरी आले आणि त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र मोठ्याने वाचलं, "माझ्या नावे कुठेही घर नाही."

आमच्या वडिलांना, नानांना, ते लागलं. "घर नही कसं? शिंदखेडानं बठ्ठं घर यानंच शे."

शिंदखेड्याचं अख्खं घर माझंच, हे ऐकून साहेबांचं पेन थांबलं.

"नावावर केलंय का, नाना?" साहेबांनी विचारलं.

"ते मी मरसू तवय."

"मग तुम्ही असेपर्यंत मुलगा पात्र आहे," म्हणत साहेबांनी सही केली.

मंजुरीला चार महिने लागले. तोवर नाना नुसते खोकले तरी मी डॉक्टरकडे धावायचो. बायको म्हणाली, "वडिलांवर इतका जीव पहिल्यांदाच बघतेय."