कार्बनवरची अक्षरं

वडील: म्हणजे त्या विद्यार्थिनीचं नावसुद्धा एआयला दिलंस?

मुलगी: दिलं. नाव, वर्ग, घरात काय चालतं ते सगळं. बाबा, शाळेच्या समुपदेशन खोलीत रोज सहा-सात मुलं माझ्याकडे मन मोकळं करायला येतात, आणि प्रत्येकाची नोंद नीट लिहून ठेवावी लागते. एआयला माझी टिपणं दिली की दोन मिनिटांत काम होतं.

वडील: मी तुला बोल लावत नाही. मला आपलं टायपिंगचं दुकान आठवलं.

मुलगी: मलाही आठवतं. शाळा सुटली की मी टेबलाखाली बसायचे. ओळ संपली की घंटी वाजायची. तुमची बोटं कायम निळी. आई म्हणायची, जेवताना तरी हात घासा.

वडील: कार्बन पेपरचा रंग तो, घासून कुठला जातोय. लोक माझ्यासमोर बसून काय काय सांगायचे. मी मान खाली घालून टाइप करायचो. एकदा एक नर्स आली. नवरा मारायचा, म्हणून गुपचूप दूरच्या गावी बदली मागत होती. त्या अर्जाला मी कोरा कार्बन लावला आणि संध्याकाळी घाईघाईत तो कचऱ्याच्या टोपलीत टाकला.

मुलगी: मग?

वडील: एकदाच वापरलेला कार्बन उजेडात धरला की अक्षर न् अक्षर वाचता येतं. शेजारच्या दुकानदारानं तो उचलला, वाचला. दोन दिवसांत नवऱ्याच्या कानावर गेलं. ती माझ्याकडे आली, ओठ सुजलेला. एवढंच विचारलं, तुमच्याकडून गेलं का? मी हो म्हटलं.

मुलगी: ओरडली?

वडील: नाही. दुसरा अर्ज टाइप करून घेतला, समोर बसून. बदली झाली तिची. पण त्या दुसऱ्या अर्जाचा कार्बन ती जाताना मागून घेऊन गेली. तेव्हापासून मी रोज कार्बन जाळायचो.

मुलगी: तो पत्र्याचा डबा! मला वाटायचं, डासांसाठी धूर करता.

वडील: तुझी टोपली कुठे असते गं?

मुलगी: कुठल्या तरी कंपनीच्या यंत्रांत. कुठे, ते मलाही ठाऊक नाही. ते संभाषण आत्ता पुसते. माझ्या लिहिण्यातून एआयनं शिकायची परवानगीही बंद करते. पण गेलं ते पुरतं परत आलं, असं छातीठोकपणे नाही सांगता येणार.

वडील: आणि यापुढे?

मुलगी: नाव-गाव तर नाहीच. पण नुसतं नाव खोडूनही भागत नाही, घरच्या गोष्टींवरून माणूस ओळखू येतो. अशा नोंदी हातानंच वहीत लिहीन. बाबा, त्या मुलीनं मला विचारलं होतं, हे कुठे जाणार नाही ना? मी नाही म्हणाले होते.

वडील: मग तिला सांगावं लागेल.

मुलगी: उद्याच सांगते.

(दुसऱ्या दिवशी संध्याकाळी.)

वडील: रागावली?

मुलगी: उठून दारापर्यंत गेली. तिथून वळली. मग म्हणाली, दुसऱ्या कुणी हे मला सांगितलंच नसतं. आता हातानं लिहीन म्हणाले होते, ती वही आणली का, विचारलं.

वडील: बसली परत?

मुलगी: बसली. इतके दिवस जे सांगत नव्हती, ते सांगितलं.

वडील: बरं. हात धू, पानं घेतो.